तळ्यातलं हे

"मानवी मेंदू ही या विश्वातली सर्वश्रेष्ठ कलाकृती आहे," असं नकाशेकाका बैठकीच्या खोलीत मध्यभागी उभे राहून म्हणाले, आणि लगेच वर बोट करून काकूंना म्हणाले, "ते जरा हे कर."

"काय करू?"

"ते गं. वरचं. हे."

वर छत होतं. छताच्या हुकाला एक वस्तू टांगलेली होती. तिला तीन पाती होती. ती फिरली की वारा यायचा आणि थांबली की घाम. काका वर्षानुवर्षं त्या वस्तूखाली बसून पेपर वाचत आले होते, आणि आता तिचं नाव त्यांना सापडत नव्हतं. दार सापडत होतं, खिडकी सापडत होती, 'अधीक्षक अभियंता' हा शब्दही कुठे न अडखळता सापडत होता. फक्त तेवढ्या एका जागी, जिन्याची एखादी पायरी नसावी तसा, पाय खाली जात होता.

काकूंनी बटण दाबलं. वस्तू फिरू लागली. नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि काकांच्या मानापोटी आपणही ते इथे घ्यायला नको.

न सांगण्याचा सल्ला काकूंच्या भावाचा. हे मेहुणे नोकरीभर औषधाच्या कंपनीची बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसले होते, त्यामुळे त्यांना बिल्डिंगमध्ये अर्धा डॉक्टर म्हणत. "ताई, शब्द पुरवायचा नाही," त्यांनी बजावलं होतं. "मेंदूला कष्ट पडू देत. तू सांगितलंस की तो आळशी होतो."

"आळशी मेंदू मी गेली चाळीस वर्षं सांभाळतेय," काकू म्हणाल्या. पण भावाचं ऐकलं. ऐकलं, कारण त्या घाबरल्या होत्या. काका हल्ली बऱ्याच गोष्टींना 'हे' म्हणू लागले होते. 'हे' हा शब्द काकूंच्या मालकीचा होता. चारचौघांत नवऱ्याचा उल्लेख त्या 'हे' असा करत. आता 'हे' म्हणजे नवरा, नवऱ्याचा चष्मा, डाळीचा डबा की शेजारणीचा जावई, याचा अंदाज बांधता बांधता त्यांचा जीव अर्धा होई.

म्हणून डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी संगणकावर पाहिलं, कागदावर 'मेंदू वयाला साजेसा' असं लिहिलं आणि फिल्म काउंटरवरून घ्यायला सांगितलं.

"साजेसा?" काका रिक्षात म्हणाले. "साडी साजेशी असते. मेंदू साजेसा म्हणजे काय?"

तर ज्यांचा मेंदू साजेसा ठरला ते काका पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा शाखेतून निवृत्त झाले होते. डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीच्या रेषा असतात, जिन्यासारख्या एकात एक. काका एकेक रेष पुठ्ठ्यावर उतरवत, कापत, आणि कापलेले पुठ्ठे एकावर एक चिकटवत. सगळ्यात वरचा तुकडा बसला की टेबलावर डोंगर उभा. मग साहेब येत, त्या डोंगरात बोट रुतवून "इथे धरण" म्हणत, आणि जात. काकांच्या डोंगरांना कधी कुणी कला म्हटलं नाही. एकदा एका साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला होता. तो कप कुठल्या खिंडीत ठेवला होता हे काकांना आजही आठवतं. साजेसा मेंदू म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

घरी आल्यावर काकांनी फिल्म पाकिटातून काढली आणि सवयीनं आधी तिच्या कडा छाटल्या. नकाशा हातात आला की कडा छाटायच्या, ही शाखेची शिस्त. कडांवर शिक्के असतात, सह्या असतात, बारीक इंग्रजी असतं. त्यानं डोंगराची उंची बदलत नाही. या फिल्मच्या कडेलाही बारीक इंग्रजी होतं. पट्टी लावून, ब्लेड फिरवून काकांनी ते केराच्या डब्यात टाकलं. तूर्त आपणही ते तिथेच राहू देऊ.

मग त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, आणि बघतात तो काय? डोंगर! वळ्यांवर वळ्या, घळीत घळी, आणि मेंदूचे आडवे काप पायथ्यापासून माथ्यापर्यंत ओळीनं मांडलेले. काकांच्या बोटांना कंड सुटली.

मग त्यांना ते दिसलं. एका बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, सगळ्या रेषा एकाएकी थांबल्या होत्या. तिथे एक गुळगुळीत काळी जागा होती. पुढच्या कापातही होती, त्याच्या पुढच्या कापात जरा मोठी. काकांनी अशी जागा शेकडो नकाशांवर रंगवली होती.

ते तळं होतं.

काकांनी फिल्म खाली घेतली. स्वयंपाकघरात काकू भांडी लावत होत्या. "काय दिसलं?" त्यांनी आतून विचारलं.

"डोंगर," काका म्हणाले. खोटं नव्हतं.

जिन्यात मेहुण्यांना गाठून मात्र त्यांनी खरं सांगितलं. मेहुण्यांनी फिल्म बल्बसमोर धरली, बराच वेळ 'हं' म्हटलं आणि आवाज उतरवला. "भावोजी, डॉक्टर लोक असंच लिहितात. साजेसा, ठीक, काळजी नको. पेशंट खचू नये म्हणून. आमच्या कंपनीत हे शिकवायचे."

"मग हे तळं आहे?"

"आहे म्हणजे... आहेच. पण ताईला सांगू नका."

अशा रीतीनं मेहुण्यांनी काकूंना शब्द काकांना सांगू दिला नाही आणि काकांना तळं काकूंना सांगू दिलं नाही, आणि दोन्ही सल्ल्यांचा चहा पिऊन ते समाधानानं गेले.

तळं किती खोल आहे, याचा एकच उपाय काकांना ठाऊक होता. त्यांनी मेंदूचा डोंगर करायला घेतला. काकूंना आणि जगाला त्यांनी सांगितलं की ही कला आहे. विज्ञानातून स्फुरलेली. त्याशिवाय जेवणाचं टेबल मिळालं नसतं.

झेरॉक्सवाल्यानं एकेक काप मोठा करून देताना विचारलं, "कोबी का, काका?"

"माझा मेंदू आहे."

"किती टक्के वाढवू?"

हा प्रश्न काकांच्या जिव्हारी लागला, पण उत्तर देणं भाग होतं.

पुठ्ठ्यासाठी बिल्डिंगमधली खोकी गोळा झाली. टीव्हीचं, मिक्सरचं, कुणाच्या नव्या कमोडचं. त्या टांगत्या वस्तूचंही एक खोकं आलं होतं, पण नावावर नेमकी जाड चिकटपट्टी बसली होती. काकांनी ती नखानं खरवडली तेव्हा नावही चिकटपट्टीबरोबर निघून आलं. मेंदूचा थर चढू लागला. कपाळामागे 'नाजूक, सांभाळून हाताळा' आलं. मानेजवळ 'ही बाजू वर' आणि बाण, तोही खाली.

"तुमच्या मेंदूत कमोड आहे," काकू म्हणाल्या.

"आतून दिसत नाही."

"मला दिसतोय."

खळ वाळावी म्हणून ती वस्तू दिवसभर जोरात फिरत असायची. दुपारी बिल्डिंग सामसूम झाली, काकू पडल्या, की पुठ्ठे बोलू लागत. टक. मग बराच वेळ काही नाही. मग आतून कुठूनतरी टक. पुठ्ठा सुकताना असा बोलतोच, हे काकांना नोकरीपासून माहीत होतं. फक्त खात्यातले डोंगर ऐकणारा आहे की नाही याची पर्वा न करता बोलत. हा डोंगर काका कान जवळ नेईपर्यंत थांबायचा.

तळ्याच्या जागी काकांनी निळा कागद लावला आणि वर व्हार्निशचा जाड हात दिला. तळं आरशासारखं चकाकू लागलं. खोल होतं. मोजपट्टी घातली तर ती बोटाची दोन पेरं आत जात होती. काका त्यावर वाकले, तेव्हा तळ्यात आपलं तोंड दिसेल असं त्यांना वाटलं होतं. दिसलं नाही. तळाशी काहीतरी काळं, अस्पष्ट, गोल गोल फिरत होतं.

काका सरळ झाले. इकडे तिकडे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. पुन्हा वाकले. फिरतच होतं.

त्या दिवशी त्यांना काकूंना हाक मारताना 'अगं'च्या पुढे काही आठवलं नाही. पण ते तर लग्नापासूनच तसं होतं, त्यामुळे ते धरायला नको.

मेंदू पुरा झाला तेव्हा तो टेबलापेक्षा किंचित मोठा झाला होता आणि दोघं ताट मांडीवर घेऊन जेवत होते. काकूंनी शेवटचं सांगितलं, "एक तर हा इथे राहील, नाहीतर माझी पाठ." काकांनी तो बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये मांडायचं ठरवलं आणि सेक्रेटरींना गाठलं. हे सेक्रेटरी असे होते की त्यांच्या पोटी नियम जन्म घेत.

"काय ठेवायचंय?"

"मेंदू."

"कोणाचा?"

"माझा."

"मग जमणार नाही. सामायिक जागेत सभासदाची खासगी वस्तू ठेवता येत नाही. सायकलला नाही म्हणतो आम्ही, मेंदूला कसं हो म्हणू? उद्या प्रत्येक जण आणून ठेवेल."

"प्रत्येकाकडे कुठे आहे?" काका म्हणाले. त्यांना अभिप्रेत होतं पुठ्ठ्याचा.

सेक्रेटरी तरीही पाहणीला आले. मेंदूभोवती फिरले, उंची-रुंदी डोळ्यांनी मोजली, तळ्यावर वाकले, आणि वाकलेल्या स्थितीतच बोलले, "ठीक आहे. तुम्ही असं करा, एक रीतसर... ते हे द्या."

"काय देऊ?"

"हे हो. आपण ज्याच्यावर लिहून... खाली सही करून... हे करतो ते."

"अर्ज?"

सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. हा माणूस झोपेतही अर्ज मागत असे. ते तळ्यापासून दोन पावलं मागे सरले, "अर्ज," असं हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं, परत एकदा म्हटलं, आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. माणसं मेंदू पाहायला नव्हे, तळ्यात वाकून पाहायला येऊ लागली. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं 'कुलूप' गेलं, त्या किल्ली हातात घेऊन आपल्याच दारासमोर उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला सांगू लागल्या, "अहो, हे उघडा." वकिलांचा 'पक्षकार' गेला, तो दुसऱ्या दिवशी परत आला. लिफ्टमध्ये, जिन्यात, गच्चीवर जो तो हवेत बोटं फिरवत 'हे, हे' करू लागला. लोक हसत होते. पण हसताना एकमेकांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत होते. आणि खोलीत शिरले की सगळे चपला काढून गप्प होत, कोणी सांगितलं नसताना.

"सूचनेचा परिणाम आहे," मेहुणे म्हणाले. "एकाचं बघून दुसऱ्याचं होतं. शास्त्रीय आहे सगळं." ते तळ्यावर वाकले, हात मागे बांधून, दवाखान्यात फेरीला आल्यासारखे. "यात घाबरण्यासारखं काही नाही. हे काय आहे, भावोजी, तर नुसत्या पुठ्ठ्याचा एक... एक..."

सगळे वाट बघत होते. वरची वस्तू फिरत होती.

"अरे, डोक्यात असतो तो," मेहुणे म्हणाले. त्यांनी स्वतःच्या कपाळावर टिचक्या मारल्या. "तो हा. ताई, सांग ना!"

"शब्द पुरवायचा नाही," काकू म्हणाल्या.

पण रात्री जेवताना त्या हसल्या नाहीत. "त्या खड्ड्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"निळा कागद."

"मी आज पुसायला गेले. ओलं होतं."

काका उठले आणि बोट लावून बघितलं. ओलं होतं. व्हार्निश कधीच वाळलं होतं. छताला गळती नव्हती, वरच्यांची न्हाणी त्या बाजूला नव्हती. काकांनी बोट हुंगलं. वास नव्हता. पाणी होतं.

मग त्यांनी सांगितलं. फिल्म, काळी जागा, जिन्यातला सल्ला, सगळं. काकू ताट मांडीवर धरून ऐकत होत्या. "म्हणजे हा खड्डा तुमच्या..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग बराच वेळ त्यांनी काकांच्या कानाच्या वरच्या भागाकडे पाहिलं, जणू तिथून काही झिरपतंय का ते.

"आणि मी तुम्हाला शब्द सांगत नव्हते," त्या म्हणाल्या. "एवढा एक शब्द. सांगू?"

"नको," काका म्हणाले. "माझा मला सापडू दे. तो सापडला तर बाकीचे सापडतील. नाही सापडला तर..." त्यांनी वर पाहिलं. तीन पाती एकमेकांच्या मागे धावत होती.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉस्पिटलच्या काउंटरवरून. एक मुलगी भराभर बोलत होती. "काका, सॉरी हं, तुमच्या पाकिटात दुसऱ्या पेशंटची फिल्म गेलीये. त्या आजींच्या घरच्यांनी पाकीट आज उघडलं, ते इथे येऊन ओरडताहेत. फिल्मच्या कडेला नाव असतं, तुम्ही बघितलं नाही का?"

काकांना केराचा डबा आठवला.

"मग माझ्या डोक्यात," त्यांनी खुर्चीला धरून विचारलं, "काय आहे?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "तुमच्या डोक्यात काहीच नाहीये, काका."

काकूंनी कान लावून ऐकलं होतं. त्या मटकन खाली बसल्या. "डोक्यात काही नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तेच म्हणत होते, पण आज ऐकून किती बरं वाटलं!"

काकांनाही बरं वाटलं, साधारण एक चहा होईपर्यंत. मग दोन गोष्टी ध्यानात आल्या. तळं आपलं नव्हतं, तरी शब्द आलेला नव्हता. आता दोष द्यायला तळंही उरलं नव्हतं. आणि दुसरी अशी, की टेबलावर, कमोडच्या खोक्यात, एका अनोळखी बाईचं डोकं उघडं पडलं होतं, आणि अख्खी बिल्डिंग त्यात वाकून गेली होती.

त्यांनी पटकन त्यावर चादर घातली.

आजी आणि त्यांचा मुलगा दुपारी आले. मुलगा घाईत होता. "मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीये, नुसती फिल्म द्या," म्हणाला. काकांनी फिल्म दिली. ती कडा छाटलेली, पेन्सिलीच्या खुणा केलेली, एका कोपऱ्याला खळ लागलेली फिल्म पाहून मुलाच्या कपाळाची शीर उडू लागली. "याचं काय केलंत तुम्ही?"

काकांनी चादरीकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांना आपला डोंगर दाखवू नये असं वाटत होतं. पण आजी आधीच तिथे पोचल्या होत्या. बारीक चणीच्या, स्वच्छ, एक पाय जरा ओढत चालणाऱ्या. त्यांनी डाव्या हातानं चादर ओढून काढली.

"आईला काही समजायचं नाही," मुलगा आवाज खाली आणून म्हणाला. "झटका आल्यापासून तिचे सगळे शब्द गेले. एक राहिलाय. बाबांना ती 'हे' म्हणायची, तेवढाच. बाबा आता नाहीत. पाणी हवं असलं तरी हे, देव हवा असला तरी हे, मी पण हेच."

काकू पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, म्हणजे 'ह्यां'च्याकडे.

आजी मेंदूभोवती फिरत होत्या. मेंदूच्या कपाळाकडच्या बाजूवरून हात फिरवला. 'नाजूक'वर बोट टेकलं. बाणाकडे पाहून मान तिरकी केली. मग त्या तळ्याशी आल्या आणि थांबल्या. पुठ्ठ्यातून टक असा आवाज आला. तो या वेळी सगळ्यांनी ऐकला.

"हे," आजी म्हणाल्या.

त्यांनी बोट तळ्यात घातलं. बाहेर काढलं तेव्हा त्याच्या टोकाला थेंब होता.

"आई, चल," मुलगा म्हणाला, पण जागचा हलला नाही.

"आजी, मला माफ करा," काका म्हणाले. "मला वाटलं, माझा आहे. न विचारता सगळ्यांना दाखवला. माझं पण त्यात एक... एक हे पडलंय. अजून वर आलेलं नाही."

आजींनी मान वर केली आणि काकांकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं, हरवलेल्या पिशवीची खूण पटवावी तसं. मग त्या पुन्हा तळ्यावर वाकल्या. तळाशी ते काळं, अस्पष्ट, गोल गोल फिरत होतं. आजींच्या ओठांची हालचाल होऊ लागली. काकांना जाणवलं, की पायरी नसलेल्या त्या जागेकडे खालून काहीतरी चढत येतंय, आपल्याही आणि त्यांच्याही.

आजी सरळ झाल्या. त्यांनी खांद्यावरचा पदर अंगाभोवती गच्च ओढून घेतला, आणि स्वच्छ, खणखणीत, जरा वैतागलेल्या आवाजात म्हणाल्या,

"पंखा जरा बारीक करा हो."